अकरा हिरव्या

माझी आई रंगूबाई कासारीण. तिनं उभ्या आयुष्यात किती बायकांच्या हातात बांगड्या भरल्या याची मोजदाद कुणी ठेवली नाही, पण तिच्या हातून एकही फुटली नाही हे शिरपूरपासून मानोऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. भरताना बांगडी फुटली तर नुकसान कासाराचं, ही आमच्या धंद्याची रीत. म्हणून बाकीचे कासार जपून भरत. आई जपत वगैरे नसे. बाईचा पंजा हातात घ्यायची, अंगठा आत दुमडायची, तिच्या सासूची नाहीतर म्हशीची चौकशी करायची आणि बाईचं उत्तर संपायच्या आत बांगडी मनगटावर. एरवी काटा रुतला तरी गल्ली गोळा करणाऱ्या बायका आईपुढे हसत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

बाप गेला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आईनं त्याचं गाठोडं उचललं आणि तोच धंदा धरला, तेव्हा शिरपुरात बरीच कुजबुज झाली. जिचे स्वतःचे हात बोडके ती दुसरीच्या हातात सौभाग्य कसं भरणार? आई कुणाशी भांडली नाही. रोज सकाळी दाराशी बसून, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना दिसेल अशी, ती दिवसाची पहिली बांगडी माझ्या हातात भरायची. कुमारिकेच्या हातानं भवानी झाली की पुढचा सगळा माल चोख, हे तिनंच ठरवलं आणि हळूहळू गावाला पटवलं. पुढे तर लोक तिला गाडी पाठवून लग्नाला नेऊ लागले. मांडवाबाहेर बसवून तिच्याकडून अख्ख्या वऱ्हाडाच्या बांगड्या भरून घेत आणि जेवायचं पान मात्र मागच्या दाराशी वाढत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राग धरून बसलो तर गाठोडं कोण उचलणार, असं ती म्हणायची आणि भात कालवायला घ्यायची.

तिचा एक नेम होता. कुणाचाही हात हातात घेण्याआधी ती विचारायची, "धनी बरे हायेत ना?" बायकांना वाटे, किती मायेनं विचारते. माया होतीच, पण कारण वेगळं होतं. विधवेच्या हातात हिरवी बांगडी भरली तर ते पाप घालणारीचं नाही, भरणारीचं, असं आमच्याकडे मानत. मग त्या भरणाऱ्या हाताचा इतर बायकांना विटाळ. आईचा सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा होता.

मला तिनं आसेगावला दिलं. सासरे शालिग्राम यांचं तिथं बांगड्यांचं दुकान होतं, घराच्या ओसरीतच. नवरा जगदेव माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बोलायला कमी. दिवसा सासऱ्यांच्या देखत माझ्याशी बोलणं त्याला कुठलं जमायला! दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मधल्या भिंतीवर बोटानं दोनदा टकटक करायचा. मी आतल्या खोलीतून त्याच भिंतीवर बांगड्या वाजवायची. एवढाच आमचा संसार म्हणा ना. सासू म्हणे, भिंतीचा पोपडा निघाला की मग बसा दोघं सारवत.

मी वीस वर्षांची असताना मानमोडी आली. त्या साली पाऊस दडी मारून बसला होता, ज्वारी हाताला लागली नव्हती, आणि आश्विनात ही साथ. माणूस सकाळी मान दुखते म्हणायचा आणि तिसऱ्या दिवशी खांद्यावर जायचा. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईला आमच्याकडे हिरवं लुगडं, मळवट आणि हिरव्या बांगड्या घालून नेतात. शिरपुरात त्या दिवसांत आईला रोज बोलावणं यायचं. ज्या हातांवर तिनं लग्नात बांगड्या भरल्या होत्या तेच हात आता ताठ झालेले, बोटं वळत नाहीत, आणि या दळभद्री साथीत घरातली माणसं जवळ यायला घाबरत. आई एकटी त्या बाईजवळ बसायची, हात चोळून मऊ करायची, भरायची. तिथंही एक बांगडी फुटली नाही. कुणाकडून पसाभर दाणेही तिनं घेतले नाहीत. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, शेजारणींकडून कळलं.

आसेगावात आमच्या घरी आधी सासू गेली. मग जगदेव आणि मी एकाच दिवशी अंथरुणाला लागलो. तो ओसरीत, मी आतल्या खोलीत. तापात मी हात आपटत होते म्हणे. बाजेच्या लाकडावर माझ्या सगळ्या बांगड्या फुटून गेल्या. निरोप मिळाल्यावर आई निघाली. अर्धी वाट कुणाच्या तरी बैलगाडीत, अर्धी चालत. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. त्या सकाळीच जगदेवला नेलं होतं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. आईचा हात कपाळावर आला तेवढं कळलं. ताप होता, छातीत सुरी फिरवल्यासारखं दुखत होतं, पण माणूस ओळखू येत होतं आणि बोललेलं कळत होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. मी विचारलं, ते कसे आहेत. आई म्हणाली, बरे आहेत, आताच पेज घेतली. बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. वैद्यबुवा दाराशी सासऱ्यांना सांगत होते की सांज निघणार नाही. तेही मी ऐकलं. मग मी माझे हात पाहिले. कोपरापर्यंत रिकामे, नुसते ओरखडे.

मी म्हटलं, "आई, मले अशी बोडकी नको जाऊ देऊ. माह्या हातात भर."

आईनं गाठोडं आणलं नव्हतं. ती माझा हात धरून नुसती बसून राहिली. एवढ्यात सासरे दारात आले. जे काही झालं ते त्या घटकाभरात झालं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर मला आठवतं. आई त्यांना म्हणाली, "इवाई, हिरव्या पायजेत. हिच्या मापाच्या."

सासऱ्यांचा चेहरा पडला. मी डोळे मिटून घेतले होते. मला झोप लागली असं समजून ते हलक्या आवाजात बोलले, पण शब्द भिंतीला लागून माझ्या डोक्यात भणभणत होते, एक कळत होता, दोन कळत नव्हते. पोरगा, असं काहीसं. पाप, असं काहीसं. आई एवढंच म्हणाली, "तिले माहीत नाही. तिले तशीच जाऊ द्या. पाप माह्या पदरात टाका." सासरे वळले. मग दुकानात गेले, फळीवरचा डबा काढला आणि स्वतःच्या हातानं आणून आईपुढे ठेवला. आईनं भरल्या. डाव्या हातात सहा, उजव्या हातात पाच. मी त्या अर्धवट शब्दांचा अर्थ लावला नाही. लावायचा नव्हता. मरायला निघालेल्या माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

आणि मी मेले नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

आता आई अडकली. अशक्त जीव, सांगावं तर हाय खाईल, म्हणून ती एकेक दिवस पुढे ढकलत गेली. मी रोज विचारायची, ते कसे आहेत. ती रोज काहीतरी आणायची. म्हणाले भाकर खात जा. म्हणाले उगा उठू नको. जगदेव आयुष्यात एवढं बोलला नव्हता, पण माझ्या ते ध्यानात आलं नाही. पाचव्या दिवशी मला जरा बसता येऊ लागलं तेव्हा मी भिंतीवर बांगड्या वाजवल्या. थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडून दोनदा टकटक झाली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. मग दिवसातून चारदा मी वाजवायची आणि चारदा उत्तर यायचं.

नवव्या दिवशी मी भिंत धरधरत ओसरीत गेले. आई विहिरीवर गेली होती. ओसरीत बाज नव्हती. कोपऱ्यात जमिनीवर दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावलेला होता. भिंतीला टेकून सासरे बसले होते, डोक्याचे केस उतरवलेले. मघाशी मी बांगड्या वाजवून आले होते आणि त्यांचं बोट अजून भिंतीवरच होतं. ते माझ्याकडे बघून म्हाताऱ्या बैलासारखे नुसते मान हलवत राहिले. मी खाली बसले. रडले की नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं की मला सगळ्यात जास्त संताप त्या टकटकीचा आला. नवरा गेला त्याहून त्याच्या नावानं मला चार दिवस हसवलं याचा आला. आणि हा संताप मी सासऱ्यांवर काढला नाही, आईवर काढला. आपलं माणूस सापडतं ना त्यासाठी.

दहाव्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या. माझ्या हातातला हिरवा चुडा पाहून त्या जागच्या जागी थिजल्या. मग एकीनं रीतीप्रमाणे दगड उचलला. आई मध्ये आली. म्हणाली, "मी काढीन." तिनं माझा पंजा हातात घेतला, अंगठा आत दुमडला आणि एकेक बांगडी उतरवली. माझ्या मनगटाची नुसती काडी झाली होती, तिला काही अवघड नव्हतं. अकराच्या अकरा सबंध निघाल्या. बायका म्हणाल्या, फोडा त्या, फोडल्याशिवाय नवऱ्याला वाट मोकळी होत नाही. आई म्हणाली, "माह्या हातानं फुटत नाही." आणि तिनं त्या पदराला बांधल्या. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला घेऊन ती शिरपूरला परत आली, तोवर ही गोष्ट आमच्या पुढे येऊन बसली होती. रंगूनं विधवेच्या हातात हिरव्या भरल्या, आणि वर त्या फोडल्याही नाहीत. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. आई दारात गेली की बाई हात पदराखाली घ्यायची आणि म्हणायची, अजून हायेत जुन्या. दहा दारांत हेच. ज्या बायकांच्या मेलेल्या लेकींना तिनं सजवलं होतं त्याही असंच म्हणाल्या. सासऱ्यांना लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मी तेव्हा घरात नव्हतो, माह्या मागं झालं हे. त्यांचं दुकान होतं ना. दुकान टिकवायचं होतं. त्यांना मी शिव्या घातल्या असत्या, पण पुढचं ऐका म्हणजे मला तो हक्क का नाही ते कळेल.

आमच्या गल्लीत ललिताबाई नावाच्या वयस्क बाई होत्या. जातीतल्या बायका त्यांचा शब्द मानत. त्या तिघीचौघींना घेऊन आमच्या घरी आल्या. मनानं वाईट नव्हत्या. काहीतरी मार्ग निघावा असंच त्यांना वाटत होतं. मरणाऱ्या लेकीनं स्वतः मागितल्या असतील तर आईनं तिचा शेवटचा हट्ट पुरवला असं म्हणता येईल, मग देवाला नारळ फोडून हे मिटवता येईल, असं त्या येतायेता बोलल्या होत्या. हे मला माहीत होतं. आई कोपऱ्यात बांगड्या दोरीत ओवत बसली होती. ललिताबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "रुख्मिणे, खरं सांग. तू मांगितल्या का तिनं आपल्या मनानं भरल्या?"

मी म्हटलं, "मले शुद्ध नव्हती."

का म्हटलं? राग होता. आणि राग पुढे करून मागे भीती होती. मागितल्या म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला माहीत होतं का? दारातले ते अर्धे शब्द मी ऐकले होते. विसाव्या वर्षी विधवा झालेली बाई, तिच्यावर आणखी हा ठपका, मग मला कुणी दारात उभं केलं नसतं. एवढा विचार मी तेव्हा केला असं नाही. पण जीव आपलं हित फार लवकर ओळखतो.

आईचा हात दोरीवर थांबला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा ओवायला लागली. बायका गेल्यावर तिनं मला दूधभाकर कुस्करून दिली. म्हणाली, "बरं केलं. तुले अजून लय दिस काढायचे हायेत."

त्यानंतर आईचा धंदा जो बसला तो बसलाच. देवळाच्या रस्त्यावर बाहेरगावचे यात्रेकरू येत, त्यांच्या बायकांना ही गोष्ट माहीत नव्हती. काही दिवस तिनं तिथं बसून पाहिलं. एकदा एक परगावची बाई हात पुढे करून बसली होती, तेवढ्यात गावातली कुणी तिच्या कानाशी लागली. त्या बाईनं भरलेल्या दोन बांगड्या ओढून काढल्या आणि आईपुढे टाकल्या. आईनं त्या पुसून माळेत परत घातल्या. मग तिनं मानोऱ्याकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जायला सुरुवात केली. पन्नाशीच्या बाईनं दोन-दोन दिवस चालायचं. पहिल्या तांड्यावर तिनं सगळं स्वतःच सांगून टाकलं. तिथली रामीबाई, तिची थोरली लेक मानमोडीतच गेलेली. कोपरापर्यंत तिचा स्वतःचा चुडा, मनगटाशी काचेच्या चार मावतील एवढीच जागा. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "माह्या लेकीवर अशी येळ आली असती तर मी बी हेच केलं असतं. भर." आई त्या दिवशी घरी येऊन रडली. नवरा गेल्यावर रडली नव्हती एवढी रडली.

आणि मी? दुसऱ्या वर्षी मी आईचं गाठोडं घेऊन शिरपुरात फिरायला लागले. पोटाला काहीतरी हवंच होतं. बायकांनी मला हात दिले. बिचारीचा काय दोष, तिला शुद्धच नव्हती, असं एकमेकींना सांगून दिले. विधवा असूनही दिले. ज्या वाक्यानं आईचं गाठोडं मिटलं त्याच वाक्यावर माझं उघडलं, आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं त्यावरच चाललं. मी आईसारखीच पंजा हातात घ्यायची, अंगठा दुमडायची, म्हशीची चौकशी करायची. धनी बरे आहेत ना, हेही विचारायची. हे विचारताना माझी जीभ कशी झडली नाही कोण जाणे.

आई गेली त्या पौषात मी तिला म्हटलं, मी ललिताबाईंना खरं सांगून येते. माझ्या तोंडून एवढी वर्षं निघालं नव्हतं. आईला दिसत नव्हतं तेव्हा, पण तिनं चाचपडत माझा हात धरला. मला वाटलं, आता ती म्हणेल की जा. ती म्हणाली, "नको. तुहा धंदा बसन." मग उशाखालून फडक्यात बांधलेल्या अकरा बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. काय करायच्या ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला नेलं, तिच्या बोडक्या हातांनी.

त्या मी गाठोड्याच्या तळाशी ठेवल्या. विकल्या नाहीत, फोडल्या नाहीत.

आता माझी पन्नाशी जवळ आली आहे, हात थोडा कापतो. परवा आसेगावात एका लग्नघरी नवरीला बांगड्या भरत होते. सासऱ्यांचं दुकान कधीच बंद झालं. गावाला आता मीच. नवरीची आजी शेजारी बसली होती. ती माझ्या वेळची, आमच्या गल्लीतलीच. त्या दहाव्या दिवशी दगड उचलणाऱ्या बायकांतली. डाव्या हातात सहा भरून झाल्या. उजव्या हाताची पहिलीच माझ्या बोटांत फुटली. आजी हसून म्हणाली की रंगूचा हात काही तुला आला नाही. मीही हसले. मग ती उसासा टाकून बोलली, "हात सोन्याचा होता वो तिचा. पण बेसुद पोरीच्या हातात भरल्या तिनं. ते काही बरं नाही केलं."

मी नवरीचा पंजा धरून बसले होते. अंगठा दुमडलेला होता. दुसरी बांगडी बोटांवर चढली होती, फक्त रेटायची राहिली होती. बाहेर वाजंत्री आली होती. गप्प बसायला काही कष्ट नव्हते. सव्वीस वर्षं बसलेच होते.

मी म्हटलं, "मले शुद्ध होती. मीच मांगितल्या. जगदेव गेला हे बी माह्या कानावर पडलं होतं. मायनं माह्यासाठी केलं आन् मी तिले लोकायसमोर एकटी पाडली."

 आजीनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग नातीच्या बोटांवरची बांगडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि नातीचा हात माझ्या हातातून हळूच सोडवून घेतला. नवरी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. तिचा एक हात भरलेला होता, दुसरा रिकामा.

मी उरलेल्या पाच बांगड्या मोजून ओसरीवर ठेवल्या, दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या म्हटलं, आणि गाठोडं बांधलं.